चेकर अण्णांची अंडी

अण्णा कुठलीही वस्तू हातात घ्यायच्या आधी तिला बोटांची उलटी बाजू लावून बघत. टॉवेल असो, टोमॅटो असो, रिक्षाची सीट असो, नाहीतर तापानं फणफणलेल्या पोराचं कपाळ असो. मग क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "फस्ट." नाहीतर, "सेकंड." तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हताच. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या खांद्यावर अशीच बोटं फिरवली आणि माझ्या कानाशी येऊन "फस्ट" म्हणाले. तो निकाल सुटाच्या कापडाचा होता की जावयाचा, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते चेकर होते. तिथं एक काचेचं टेबल असतं, काचेखाली ट्यूबलाइट. लूमवरून उतरलेला टॉवेल त्याच्यावर पसरायचा, हात फिरवायचा, तुटलेली तार आणि तेलाचा डाग शोधायचा. चांगला तो फस्टच्या गठ्ठ्यात, डागी तो सेकंडच्या. तीस वर्षं अण्णांनी हेच केलं. एवढ्या वर्षांत माणसाच्या बोटांना सवय लागणार नाही तर काय होणार?

त्यांचं नाव मी सांगणार नाही. अण्णांचं घर लिंगायत, पक्कं शाकाहारी, आणि ही हकीकत आहे अंड्यांची. त्यांच्या पाहुण्यारावळ्यांत अजून निम्म्या लोकांना ही गोष्ट माहीत नाही. उरलेल्या निम्म्यांना माहीत आहे, पण आपल्याला माहीत आहे हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा आपण नुसतं अण्णा म्हणू. गल्लीत सगळे तेच म्हणत.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. गच्च्याही शेजारी शेजारी, मध्ये गुडघ्याएवढा कठडा. मी हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे गल्लीत मी 'सर'. गणिताच्या मास्तराला जगातलं सगळं कळतं असा लोकांचा समज असतो आणि तो मी कधी मोडून काढला नाही. इथंच माझी चूक झाली.

वैनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, टीबी झाला. औषधं वेळेवर सुरू झाली, पण त्या गोळ्यांनी त्यांच्या तोंडाची चव पार गेली. भाकरीचा चतकोर ताटात पडला की हात आडवा करायच्या आणि म्हणायच्या, "साकु, साकु." कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे आनंद, राग आणि नकार हे तिन्ही कन्नडमध्ये. साकु म्हणता म्हणता बाई इतक्या वाळल्या, की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेतलं. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही म्हणाले, पोटात काहीतरी कसदार गेलं पाहिजे, रोज दोन अंडी द्या, नाहीतर अवघड आहे.

'अवघड आहे' हे डॉक्टरांचे शब्द अण्णा घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणत होते.

वैनींनी ऐकून घेतलं. अर्धा दिवस देवघरासमोर बसून राहिल्या. मग त्यांनी अटी घातल्या. घरात शिजणार नाही. माझं भांडं वापरायचं नाही. मी हात लावणार नाही. शेजारच्या सरांच्या मंडळींना कळता कामा नये, आम्ही एका भजनी मंडळात आहोत. "तुमी स्वतः करून आणलं, तर डोळे झाकून गिळीन."

आता बघा, अण्णांनी जन्मात चहासुद्धा केलेला नव्हता. अंडं त्यांनी पाहिलं होतं ते शाळेच्या पुस्तकात. त्या रविवारी कठड्याशी येऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, "सर, तुमी खाताव की अंडी."

खातो म्हणालो. नुसतं खातो म्हणून थांबलो असतो तर वाचलो असतो. पण मास्तराचं तोंड ते. मी म्हणालो, "अहो, नोकरीच्या सुरुवातीला बार्शीला रूमवर राहायचो, तेव्हा तीन वर्षं अंड्यांवर तर काढली! अंड्याचं काय सांगता मला?"

यातला बारीकसा तपशील मी गाळला. रूमवर अंडी माझा जोडीदार करायचा. मी भांडी घासायचो.

अशा रीतीनं काम सुरू झालं. करणाऱ्यानं कधी खाल्लेलं नाही, खाणारीनं कधी पाहिलेलं नाही, आणि शिकवणाऱ्यानं कधी केलेलं नाही. दोन्ही घरांत मिळून एकच बाई अशी होती, की जिनं पाच मिनिटांत सगळं समजावून सांगितलं असतं. ती माझी बायको. आणि तिला कळू द्यायचं नव्हतं.

अंडी आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण अण्णांना अंड्याच्या दुकानात कुणी पाहिलं असतं तर गहजब झाला असता. पहिली डझनभर अंडी मी आणून दिली. अण्णांनी एकेका अंड्यावर उलटी बोटं फिरवली, मग मोबाइलची बॅटरी लावून त्यावर प्रत्येक अंडं धरून पाहिलं, जसा टॉवेल काचेवर धरतात तसं. दोन बाजूला काढली. "ही दोन परत द्या. सेकंड. वजनाला कमी हायत."

आता मी अंडी वजनाला कमी म्हणून परत द्यायला जाणार होतो का? गेलो. दुकानदारानं अंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सर, हे मला कशाला सांगताय? कोंबडीला सांगा की." पण दिली बापड्यानं बदलून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गच्चीवर गेलो. टाकीच्या आडोशाला एक छोटी गॅसची शेगडी, नवं पातेलं, नवी ताटली, नवा चमचा. अण्णा कारखान्याचा निळा शर्ट घालून, खिशाला पेन लावून उभे. अंगावर घरचे कपडे नकोत, अंघोळ आणि पूजा या कामानंतर, असा त्यांचा हिशेब. पातेल्यात पाणी, पाण्यात चार अंडी, वर झाकण.

"हे काय?" मी विचारलं.

"भिजत घातलीत. काल संध्याकाळपास्नं." अण्णांचा चेहरा चिंतेत. "फुगली न्हाईत की अजून."

त्यांच्या घरात जे काही कडक टरफलाचं आहे ते आधी भिजतं. मटकी भिजते, हरभरा भिजतो, शेंगदाणे भिजतात. त्यांचं काय चुकलं? आणि मला हसण्याचा काय अधिकार? खरं सांगतो, मी क्षणभर विचारात पडलो. रूमवर अंडी भिजत घालायचे का, हे मला आठवेना. मी अंड्याला एक टिचकी मारली आणि म्हणालो, "अजून थोडा वेळ राहू द्या."

आम्ही दोघं पाऊण तास कठड्यावर बसून राहिलो. अंडी फुगली नाहीत.

मग अण्णांनी कुकर आणला. डाळीला तीन शिट्ट्या लागतात, हे तर डाळीपेक्षा टणक, म्हणजे चार. मी गणिताचा माणूस, मला हा हिशेब पटला. दुसऱ्या शिट्टीला कुकरातून ठाक ठाक असे आवाज यायला लागले. अण्णा मागे सरकले. मी त्यांच्या मागे सरकलो. झाकण निघालं तेव्हा आत पांढरं, पिवळं आणि टरफल असं सगळं एक झालं होतं. अण्णांनी त्यातही बोट लावून पाहिलं. निकाल काय असणार? "सेकंड," म्हणाले, आणि खाली बसले. डोळे भरले होते त्यांचे. "सर, डॉक्टर अवघड म्हणलेत. मला एक अंडं येईना."

त्या दिवशी माझी मला लाज वाटली. मी म्हणालो, "अण्णा, मोबाइल काढा."

मोबाइलवर एक बाई होती. हसतमुख, हातभर बांगड्या. तिनं सगळं नीट दाखवलं. उकडलेलं, भुर्जी, ऑम्लेट, हाफ फ्राय. अण्णा पेन काढून लिहून घेत होते. भुर्जीला कांदा दोन, मिरची तीन, हळद पाव चमचा, आणि मग ती बाई म्हणाली, चवीनुसार मीठ.

अण्णांनी व्हिडिओ थांबवला. "चवीनुसार म्हंजे कुणाच्या?"

"खाणाऱ्याच्या," मी म्हणालो.

"खाणारीनं कधी खाल्लं न्हाई."

"मग करणाऱ्याच्या."

"करणाऱ्यानं तर त्याहून न्हाई." त्यांनी पुन्हा ते वाक्य लावून ऐकलं. मग मान हळूहळू वळवून माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी पूर्वी फक्त सेकंडच्या गठ्ठ्यातून एखादा टॉवेल वाचवताना त्यांच्या डोळ्यांत पाहिली होती.

असा मी चव घेणारा झालो.

रोज सकाळी सहाला माझी ड्यूटी. अण्णांची काम करायची रीत कारखान्याची. आधी सॅम्पल, सॅम्पल पास झालं की मगच माल. उकडलेल्या अंड्याचं सॅम्पल काढायला त्यांनी सात अंडी घेतली. एक पाच मिनिटांचं, एक सहा, एक सात, असं करत अकरापर्यंत. सगळी उभी चिरून कठड्यावर ओळीनं मांडली, प्रत्येकापुढं चिठ्ठी. "खावा सर. फस्ट का सेकंड?"

सात अंडी खाऊन मी खाली आलो तर बायकोनं थालीपीठ वाढलं होतं. तेही खाल्लं. काय सांगणार होतो?

दहा मिनिटांचं पास झालं. पाणी खळखळ उकळल्यावर अंडं अलगद सोडायचं, दहा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात, मग टरफल रुंद बाजूनं काढायचं. टॉवेलच्या गाठींवर नंबर टाकायचा एक पांढरा रंग कारखान्यात असतो, तो डबीभर आणून अण्णांनी हे सगळं काळ्या टाकीवर लिहून काढलं. खाली मोठ्या अक्षरात 'पास'. मला सही करायला लावली. आमच्या पाण्याच्या टाकीच्या शेजारच्या टाकीवर आजही माझी सही आहे.

मग एकेक प्रकार पास होत गेला. अण्णांनी त्यांना आपल्या कामातली नावं दिली होती, म्हणजे मोबाइलवर बोलताना कुणी ऐकलं तरी पंचाईत नको. उकडलेलं म्हणजे प्लेन. भुर्जी म्हणजे टेरी, कारण टॉवेलावर धाग्याचे जसे बारीक फुगीर फासे उठतात तशी ती उठली पाहिजे, चपटी पडली की सेकंड. ऑम्लेट म्हणजे चादर. "सोलापूरची चादर कशी, दोन्ही बाजूंनी सारखी दिसाय पायजे," म्हणायचे, आणि खरोखर त्यांचं ऑम्लेट कुठली बाजू वरची हे ओळखू येत नसे. चारी कडा धरून घडी घालायचे. हाफ फ्राय म्हणजे नक्षीचा नॅपकिन. मी शाळेच्या जुन्या मित्रांबरोबर बसलेला असायचो आणि फोन यायचा, "सर, उद्या चादर काढू का टेरी?" मित्रांना वाटायचं म्हाताऱ्यानं रिटायर झाल्यावर कापडाचा धंदा काढला.

मे महिन्यात एकदा त्यांनी सकाळी दहाला कठड्याला बोटं लावली आणि चटकन काढली. "सर, गॅस कशाला पायजे मग?" टाकीच्या झाकणावर एक नॅपकिन काढून बघायचं ठरलं. ते अंडं घसरत घसरत माझ्या गच्चीत आलं. ते पुसायला फडकं कुणाचं? माझं.

टरफलांचा प्रश्न वेगळाच. कचऱ्यात टाकली तर कचरा नेणारी बाई गल्लीभर बोलणार. म्हणून अण्णा टरफलं जेवणाच्या जुन्या डब्यात भरून एमआयडीसीत नेत आणि मागच्या उकिरड्यावर ओतत. एक दिवस डबे बदलले. कारखान्यात दुपारी पंगत बसली, अण्णांनी डबा उघडला, आत टरफलं. सगळे बघत राहिले. अण्णांनी शांतपणे झाकण लावलं. म्हणाले, "उपास हाय आज." तिकडं घरी वैनी भाकरी आणि शेंगाचटणीचा भरलेला डबा हातात धरून बसल्या होत्या, की आता हा माणूस उपाशी राहणार. संध्याकाळी दोघं इतके हसले म्हणे, की वैनींना खोकल्याची उबळ आली. हे सांगताना अण्णांचा चेहरा असा उजळला होता! आजार आल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

आणि वैनी खात होत्या. डोळे झाकून, नाकाला पदर लावून, पण खात होत्या. डॉक्टरांच्या वजनकाट्यावर अण्णांचा विश्वास नव्हता. ते त्यांना रविवारी कारखान्याच्या गोडाऊनमध्ये नेत आणि टॉवेलच्या गाठी मोजायच्या काट्यावर बसवत. आधी घरी साडी, बांगड्या, चपला यांचं वजन वेगळं काढून ठेवलेलं. ते वजा करायचं, मग निव्वळ वजन. मी एकदा बरोबर गेलो होतो. गाठींच्या राशीत त्या प्लॅटफॉर्मवर वैनी मांडी घालून बसलेल्या, हात जोडलेले, आणि अण्णा आकड्याकडे बघत उभे. पहिल्यांदा छत्तीस किलो भरल्या होत्या. त्या दिवशी अडतीस. अण्णांनी मला मिठी मारली. तीस वर्षांत माणसानं हातसुद्धा मिळवला नव्हता.

आता मी माझ्या गुन्ह्याकडे येतो.

भुर्जीचं सॅम्पल पास करायचं होतं त्या दिवशी मला सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, तोंडाला कसलीच चव नाही. सांगायला काय झालं होतं, की आज मला कळणार नाही? पण नाही! मी घास घेतला, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "मीठ कमी आहे." अण्णांनी आणखी एक चिमूट टाकलं. "आता?" मला अजूनही काही लागेना. "अजून." आणखी एक. मग मला घरी जाऊन वाफ घ्यायची होती, म्हणून म्हणालो, "फस्ट."

अण्णांनी टाकीवर लिहिलं, मीठ तीन चिमटी, पास. सॅम्पल पास झालं म्हणजे झालं. त्यानंतर चेकर पुन्हा चव घ्यायला बोलावत नाही, माल त्याच सॅम्पलप्रमाणे निघत राहतो. सगळे प्रकार पास झाले होते, माझी ड्यूटी संपली होती. मी खूश होतो.

महिन्याभरानं मी सहज सकाळी गच्चीवर गेलो. भुर्जी तयार होती, वासावर मन गेलं. म्हणालो, "अण्णा, एक चमचा द्या की."

तो चमचा मी जन्मभर विसरणार नाही. जीभ आखडली. खारट, नुसतं खारवणात घातलेल्या मिरचीसारखं खारट. मी कसंबसं गिळलं आणि विचारलं, "हे असंच रोज?"

"सॅम्पलप्रमाणं," अण्णा म्हणाले.

मी खरं सांगून टाकलं. सर्दी होती म्हणालो, मला काही कळत नव्हतं म्हणालो. अण्णांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ताटली हातात घेऊन ते जिना उतरले, मी मागोमाग. वैनी माजघरात पाटावर बसल्या होत्या. अण्णांनी विचारलं, "रोज खारट लागतंय न्हवं? मग बोलली का न्हाईस?"

वैनी गोंधळून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागल्या. "मला काय माहीत? मला वाटलं अंडं खारटच असतंय."

महिनाभर! महिनाभर ती बाई मिठाचे ते गोळे गिळत होती, कारण नवऱ्यानं केलंय म्हणजे ते असंच असणार. अण्णा तिथंच उंबऱ्यावर बसले. त्यांनी वैनींच्या हाताला उलटी बोटं लावली. लावूनच राहिले. काही निकाल दिला नाही. मी पाय न वाजवता बाहेर पडलो.

टाकीवरचं 'तीन' खोडून त्यांनी 'एक' केलं. माझी सही मात्र तशीच ठेवली. म्हणाले, "राहू द्या सर. माणूस चुकतंय." माझ्या सगळ्या नोकरीत मला एवढ्या मोठ्या मनाचा वरिष्ठ भेटला नाही.

वैनी बऱ्या झाल्या. औषधं संपली, काट्यावर सेहेचाळीस भरल्या. डॉक्टर म्हणाले, आता अंडी नसली तरी चालतील. पण अण्णांनी काम बंद केलं नाही. सोमवार आणि श्रावण सोडून रोज सकाळी सहाला निळा शर्ट घालून गच्चीवर. आणि वैनी रोज खात राहिल्या. मागं एकदा अण्णा ड्यूटीवर असताना त्यांनी मला हळूच सांगितलं, "सर, मला ते अंडं कधीच आवडलं न्हाई बघा. पण हे जिन्यावरनं ताटली घेऊन उतरतात न्हवं, तोंडाकडं बघून नको म्हणवत न्हाई." मी म्हणालो, मलाही आता अंड्याचा वास सहन होत नाही. म्हणजे खाणारीला नको, चाखणाऱ्याला नको, करणारा तोंडात घालत नाही, आणि चार वर्षं रोज दोन अंडी शिजत होती.

गेल्या वर्षी अण्णा गेले. कामावरच. चेकिंगच्या टेबलाशी उभे होते, टॉवेल पसरलेला होता, हात त्यावर तसाच टेकला आणि खाली बसले. झटका मोठा होता. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

सगळं उरकलं. मुलगा पुण्याहून आला होता, आईला चल म्हणाला. वैनी गेल्या नाहीत. आणि मग पुन्हा साकु सुरू झालं. आमच्या घरून आमटी जायची, भाकरी जायची, सांजा जायचा. झाकलेली ताटं तशीच परत यायची. बांगड्या पुन्हा कोपराकडे सरकल्या. मुलगा रोज फोन करायचा, डॉक्टर येऊन गेले, आजार काही नाही म्हणाले. खातच नाहीत तर काय करणार?

एका सकाळी परत आलेलं ताट ओट्यावर ठेवत माझी बायको म्हणाली, "तुम्ही गच्चीवर जा."

"गच्चीवर कशाला?"

"अंडं करा. तिला तुमच्या अण्णांच्या पद्धतीचं करून द्या." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड काय उघडं टाकताय? पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. भुर्जीचा वास काय कठड्याला अडतो? चार महिने मी तुम्हाला नाश्ता अर्धाच वाढत होते, तो कशासाठी?"

"मग तू कर की," मी म्हणालो. "मला येत नाही. खरं सांगू? मला कधीच येत नव्हतं."

"तेही माहीत आहे," ती म्हणाली. "पण मला कळलंय हे तिला कळता कामा नये. जा."

मी कठडा ओलांडला. शेगडी तशीच होती. पातेलं पालथं घातलेलं, खिळ्याला निळा शर्ट. टाकीवर ती पांढरी अक्षरं. एकाहत्तर वर्षांचा मी माणूस, टाकीसमोर उभा राहून पहिलीतल्या पोरासारखा एकेक ओळ मोठ्यानं वाचत होतो. पाणी खळखळ उकळू द्या. अलगद सोडा. पहिलं अंडं सोडताना फुटलं. दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. दहा मिनिटं घड्याळावरून नजर हलवली नाही. गार पाण्यात घातली. टरफल रुंद बाजूनं काढायचं होतं, मी कुठून काढलं देव जाणे, पण अंड्याचे टवके निघाले. मीठ भुर्जीच्या ओळीत बघून एक चिमूट. 'तीन' खोडलेलं तिथं अजून दिसत होतं.

ताटली घेऊन जिना उतरलो. वैनी पाटावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मी समोर ताटली ठेवली आणि उभा राहिलो. जन्मभर पोरांचे पेपर तपासले, पण आपला पेपर तपासला जातो तेव्हा कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

वैनींनी ताटलीकडे पाहिलं. मग हात पुढं केला आणि अंड्याला बोटांची उलटी बाजू लावली. ते उचलून ट्यूबलाइटकडे धरलं, फिरवून टवके पाहिले. डोळे मिटले.

"सेकंड," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

आणि त्यांनी ते खाल्लं. या वेळी नाकाला पदर लावला नाही. सावकाश, चावून चावून, पहिलं संपवलं, मग दुसरं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, आता येईल, आता साकु येईल. आलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलंही नाही.

रिकामी ताटली त्यांनी माझ्या हातात दिली.

"उद्या लवकर आणा सर," त्या म्हणाल्या. "ह्यांचं सहाला तयार असायचं."